खिशातली छोटी बॅटरी पडल्यावर लुकलुकते, मधेच जाते, भिजल्यावर मरते: काय काय बघायचं

आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आत घालायचा तो सेल. इथं मी तसंच लिहिणार आहे, नाहीतर दोन्हीला बॅटरी म्हणत बसलो तर कुणालाच काही कळायचं नाही.

आधी लक्षणं बघा, तुमची कुठली ते ओळखा.

पडल्यापासून चालू होते पण हलवली की लुकलुकते आणि तळहातावर आपटली की परत नीट. बटणाला हात न लावता मोड आपोआप बदलतो, म्हणजे फुल्ल लावलेली असते आणि चालता चालता बारीक होते किंवा डिस्को सुरू होतो. नवीन सेल घातला तरी उजेड मंदच. बटण दाबलं की टक् आवाज येत नाही, नुसतं आत रुतून बसतं. उलटं पण असतं, डोकं, म्हणजे काचेकडचा भाग, फिरवून चालू करायच्या बारक्या बॅटऱ्या पडल्यावर बंदच होत नाहीत. काचेच्या आतून वाफ धरलीय. उजेडाचा गोळा मधोमध न पडता एका बाजूला सरकलाय. एकदम ठार. आणि शेवटचं, बंद असतानाही अंग गरम लागतंय. हे शेवटचं असेल तर बाकीचं वाचत बसू नका, जमत असेल तर सेल बाहेर काढा, नाहीतर बॅटरीच मोकळ्या जागेत नेऊन ठेवा आणि सरळ खाली चार्जिंगच्या सेलचा भाग आहे तिथं जा.

मी कंपनीत मेंटेनन्सला आहे आणि घरी शेती, त्यामुळं दोन्हीकडच्या बॅटऱ्या माझ्याकडंच येतात. शिफ्टमधली पोरं पॅनेलमधे वाकताना वरच्या खिशातनं पाडतात. गावात शेतीच्या मोटारीला लाईट कितीतरी वेळा रात्रीची असते, मग रात्री दोन वाजता उसातनं, पाटावरनं जायचं, हातात खोरं, पायात चिखल, बॅटरी तोंडात धरलेली, ती पडणारच. कुणाची मशिनमधे शर्टाबरोबर धुवून निघते, कुणाची गाडीच्या डिकीत पान्यांच्या खाली दाबली जाते, कुणाची विहिरीच्या कठड्यावरनं खाली. आणि अंधारात पाटावर उभं असताना बॅटरी गेली तर पुढं काय आहे ते दिसत नाही, साप असला तरी दिसत नाही, म्हणून मी हा विषय इतका मनावर घेतो. दोनशेची असो नाहीतर तीन हजाराची, ऐन वेळेला लागली पाहिजे.

इतक्या बॅटऱ्या उघडल्यावर एक गोष्ट पक्की सांगतो, पडल्यामुळं एलईडी जळालीय असं मला फार क्वचित दिसलंय. लोक मात्र पहिलं तेच बोलतात, "बल्ब गेला". ते पूर्वीच्या पिवळ्या बल्बचं होतं, आत बारीक तार असायची, आपटलं की तुटायची. एलईडीत तशी तार नसते. आत सगळ्यात जड आणि सगळ्यात मोकळी वस्तू म्हणजे सेल. जाडा चार्जिंगचा सेल, ज्याला १८६५० म्हणतात, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, त्याचं वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅम. बॅटरी फरशीवर पडते तेव्हा बाहेरचं अंग थांबतं पण आतला सेल थांबत नाही, तो हातोड्यासारखा पुढं जाऊन डोक्यातल्या पॉइंटवर, म्हणजे सेल टेकतो त्या धातूच्या जागेवर, आदळतो किंवा मागं येऊन स्प्रिंग चेपतो. म्हणून बिघाड बहुतेक वेळा करंटच्या वाटेत असतो. ती वाट अशी: सेलचं पुढचं टोक, डोक्यातला पॉइंट, सर्किट, एलईडी, मग बॅटरीच्या अंगातनंच मागं, मागच्या टोपीत, स्विच, स्प्रिंग आणि परत सेल. या वाटेत केसाएवढी फट पडली तरी बॅटरी लुकलुकते. मोड आपोआप बदलतो तो पण यामुळंच, क्षणभर करंट तुटला की सर्किटला वाटतं तुम्हीच बटण दाबलंत.

आता फुकटच्या गोष्टींपासून सुरुवात करू.

सगळ्यात पहिलं सेल बदलून बघा, आणि दुसरा सेल म्हणजे खात्रीचा, दुसऱ्या चालू वस्तूतनं काढलेला. ड्रॉवरमधे पडलेला "नवा" सेल नको, तो कधी घेतला कुणाला आठवत नसतं. मल्टिमीटर असेल तर उत्तमच, साधा पेन्सिल सेल नवा असताना १.५ व्होल्टच्या जरा वर दाखवतो, चार्जिंगचा निकेलवाला १.२ च्या आसपास असतो आणि लिथियमवाला फुल्ल चार्ज असेल तर ४.२. सेल उलटा घातला नाही ना तेही बघा, पडल्यावर सेल बाहेर उडाला आणि अंधारात उलटा बसवला असं बऱ्याचदा होतं, आणि काही बॅटऱ्यांना ते सोसत नाही, सर्किट जातं. चांगल्या कंपनीचे काही लिथियम सेल आत संरक्षणाचं छोटं सर्किट घेऊन येतात, ते धक्क्यानं कधीकधी कट होतं आणि सेल शून्य दाखवतो. अशा वेळी वरचं आवरण फाटलेलं नसेल, कुठं खड्डा नसेल तरच चार्जरला लावून बघा, बऱ्याचदा परत उठतो.

मग टोपी आणि डोकं दोन्ही घट्ट पिळा. हसू नका, माझ्याकडं आलेल्या कितीतरी बॅटऱ्या एवढ्यावरच परत गेल्यात. ॲल्युमिनियमच्या बॅटरीवर जो काळा किंवा रंगीत थर असतो त्यातनं करंट जात नाही. आट्यांवर पण हा थर असेल तर करंट फक्त नळीच्या मोकळ्या, चकचकीत कडेतनं टोपीला मिळतो. म्हणजे टोपी पाव फेरा जरी ढिली असली तरी वाट बंद. काही लोक खिशात आपोआप चालू होऊ नये म्हणून मुद्दाम पाव फेरा ढिली ठेवतात, ते बरोबरच आहे, पण घरातल्या दुसऱ्या माणसाला ते माहीत नसतं आणि तो बिघडली म्हणून घेऊन येतो. बाजूला बटण असलेल्या बॅटऱ्यांत लॉक असतं, बटण लागोपाठ ठरावीक वेळा दाबलं की लागतं, खिशात दाबून दाबून ते लागलेलं असू शकतं. बॉक्समधला कागद बघा.

आता माझी सगळ्यात आवडती तपासणी, कारण एका मिनिटात कळतं बिघाड पुढं आहे का मागं. मागची टोपी पूर्ण काढा, सेल आतच राहू द्या. चिमटा किंवा जाडसर वायरचा तुकडा घ्या, एक टोक सेलच्या मागच्या सपाट बाजूला टेकवा आणि दुसरं टोक नळीच्या चकचकीत कडेला. बाजूला बटण असेल तर ते दाबा. लागली? म्हणजे डोकं, सर्किट, एलईडी सगळं ठणठणीत आहे आणि सगळा दोष टोपीत आहे, जी सगळ्यात सोपी आणि स्वस्त दुरुस्ती आहे. नाही लागली तर दोष पुढं आहे. वायर गरम होऊ शकते म्हणून दोनतीन सेकंदाच्या वर धरू नका. हे फक्त ज्यांच्या टोपीत टक् आवाजाचं स्विच असतं त्यांना लागू, आत दुसरी पितळी नळी बसवलेली दिसली तर हा प्रयोग करू नका, तिथं वाट वेगळी असते. डोकं फिरवून चालू होणाऱ्या बारक्यांना टोपीत स्विचच नसतं, त्यांचं पुढं सांगतो.

दोष टोपीत निघाला की आधी सफाई. नळीची कड, टोपीच्या आतली कड, स्प्रिंगचं टोक, सेलची दोन्ही टोकं. कानातले बड्स आणि मेडिकलमधे मिळतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते नसेल तर पोरांच्या दप्तरातलं खोडरबर, काळपट थर मस्त निघतो. काचकागद मारू नका, स्प्रिंगवर आणि पॉइंटवर सोनेरी नाहीतर निकेलचा पातळ मुलामा असतो, तो गेला की महिन्याभरात परत काळं पडतं आणि मग दर महिन्याला तुम्ही कागद मारतच बसता. आट्यात वाळू, उसाचा पाला, खिशातला कापूस, तंबाखू सगळं सापडतं. ते काढून नवं ग्रीस लावायचं, सिलिकॉन ग्रीस, अगदी थोडं. आट्यापाशी पाणी अडवायची रबरी रिंग असते, ती काळ्या नायट्राइल रबराची असेल तर हे चालतं, पण रिंगच सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीसनं ती फुगते. खोबरेल लावणारे बरेच आहेत आमच्याकडं, पण खोबरेल साधारण २४ अंशाच्या खाली गोठतं, थंडीत पहाटे टोपी हलत नाही आणि धूळ पण धरून ठेवतं.

सफाईनंतरही लुकलुकते मग टोपीच्या आत बघा. स्प्रिंगच्या भोवती एक चपटी रिंग असते, तिला समोरासमोर दोन बारीक भोकं किंवा खाचा असतात. ही रिंग स्विचला दाबून धरते आणि अंगातला करंट स्विचच्या पाटीपर्यंत, म्हणजे स्विच ज्यावर सोल्डर केलेलं असतं त्या छोट्या सर्किटपर्यंत, नेते. पडण्याच्या धक्क्यानं आणि रोजच्या टक् टक् नं ती हळूहळू सैल होते. माझ्या अनुभवात लुकलुकणाऱ्या बॅटऱ्यांमधे पहिला नंबर हिचाच. टोकदार चिमटा त्या दोन भोकात घाला आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं पिळा. अर्धा फेरा जरी फिरली तरी समजा सापडली चोरी. काही मोजक्या बॅटऱ्यांना उलटे आटे असतात, म्हणून जोर लावायच्या आधी अंदाज घ्या, आणि चिमटा सटकून स्विचच्या पाटीवर ओरखडा जाणार नाही एवढं जपा.

आमच्या आप्पांची, म्हणजे चुलत्यांची, बॅटरी वर्षात तीनदा आली होती याच कारणानं. दरवेळी मी विचारायचो "आप्पा, पडली का?" आणि दरवेळी उत्तर "पडली कुठं, जरा हातातनं सुटली." चौथ्यांदा मी रिंगच्या आट्याला सुईच्या टोकाएवढं, जिथं करंटची जागा नाही तिथं, नेलपॉलिश लावलं. ते धरतं आणि परत उघडायचं झालं तर निघतं. झटपट चिकटणारा डिंक कधीच नको, त्याची वाफ आत पसरून पॉइंटवर पांढरा थर बसतो.

रिंग घट्ट आहे तर स्प्रिंग बघा. चेपून बुटकी झाली असेल तर सेलला पुरेसा दाब मिळत नाही. चिमट्यानं हळूच एकदोन मिलिमीटर वर ओढा, त्याहून जास्त नाही, पाटीवरचं सोल्डर उखडतं. लांब आणि आखूड सेलचा घोळ पण इथंच होतो, संरक्षण सर्किटवाले १८६५० साध्यापेक्षा चार मिलिमीटरपर्यंत लांब असतात. लांब सेलनं स्प्रिंग कायमची चेपते आणि मग तुम्ही आखूड सेल घातला की तो आत खुळखुळतो. खुळखुळणाऱ्या सेलला कागदाची गुंडाळी चालते, पण फक्त कडेनं, टोकाला नाही.

स्विचच मेलं असेल, म्हणजे टक् आवाज नाही किंवा चिमट्यानं लागते आणि टोपीनं नाहीच, तर बदलायचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अशी छोटी स्विचं अगदी थोडक्या पैशात मिळतात, जुनं सोबत घेऊन जा, उंची आणि पायांचं अंतर जुळलं पाहिजे. सोल्डरिंगची सवय नसेल तर मोबाईल रिपेअरवाल्याला द्या, त्याचं दहा मिनिटांचं काम आहे.

डोकं फिरवायच्या बारक्या बॅटऱ्या, एका करंगळीएवढ्या सेलवर चालणाऱ्या: यात डोक्यातल्या पॉइंटभोवती बहुतेक वेळा फोमची चकती असते, ती सेलला मागं ढकलते म्हणून डोकं सैल केल्यावर बंद होते. आपटून ती चकती चेपली की सेल पॉइंटला चिकटूनच राहतो आणि बॅटरी बंद होत नाही. नवी चकती पातळ फोमची कापून घाला, मधे भोक. सोपं आहे, पण फोम जाड झाला तर लागणारच नाही, दोनतीनदा करून बघावं लागतं.

पाण्याचं जरा सविस्तर. बॉक्सवर आयपीएक्स ७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. तेही नव्या बॅटरीला, स्थिर साध्या पाण्यात. कपड्याच्या मशिनमधे पावडरचं पाणी, कधी गरम, आणि पाऊण तास सगळीकडं आपटणं, ही वेगळीच परीक्षा आहे. पडण्याचं पण तसंच, टॉर्चसाठी अमेरिकेत २००९ साली जे मानक आलं, एफएल १ नावाचं, त्यात कमीत कमी १ मीटर उंचीवरनं काँक्रीटवर टाकून बघतात. १ मीटर म्हणजे कमरेएवढं. शर्टाचा खिसा त्याच्या वर असतो आणि विहिरीचा कठडा तर सोडूनच द्या. म्हणून बॉक्सवरचा आकडा वाचून निर्धास्त राहू नका.

भिजली की चालू करून बघायचा मोह टाळा, सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच होतं. सेल लगेच बाहेर, टोपी, रबरी रिंगा, जे हातानं उघडतं ते सगळं उघडा. समुद्राचं किंवा साबणाचं पाणी असेल तर आधी गोड्या पाण्यानं धुवा, उलटं वाटेल पण मीठ आत राहिलं तर ते महिनाभर खात राहतं. मग झटका, पुसा आणि पंख्याखाली दोन दिवस. तांदळाच्या डब्यात ठेवून मला कधी फरक दिसला नाही, पीठ मात्र आत जातं. काचेची वाफ दोन दिवसात गेली नाही तर डोक्याची रिंग फाटलीय, कडेला बोट फिरवून चीर लागते का बघा. रिंग बदला, पाईपच्या दुकानातली अंदाजे मापाची पण चालते, जाडी तेवढी जुळवा.

सेल गळलेला असेल, म्हणजे आत पांढरी भुकटी, तर ही वेगळीच समस्या. अल्कलाइन सेलमधून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, क्षार, आणि ते ॲल्युमिनियम खातं. हातमोजे घाला, डोळ्याला हात लावू नका. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस बडला लावून पुसा, थोडं फसफसेल, मग ओल्या फडक्यानं आणि कोरडं. साध्या स्वस्त झिंकवाल्या सेलचं गळणं क्षारी नसून आम्लाकडं झुकणारं असतं, तिथं लिंबू चालत नाही, ओल्या फडक्यानंच पुसायचं. सेल फुगून नळीत अडकला असेल आणि तो साधा पेन्सिल सेल असेल तर दोन्ही बाजू उघडून लाकडी दांड्यानं हळूहळू ठोका. ड्रिल नको. महिनोन्महिने गाडीत पडून राहणाऱ्या बॅटरीत अल्कलाइन ठेवूच नका, निकेलचे चार्जिंगचे ठेवा, ते सहसा गळत नाहीत.

टोपी चांगली निघाली आणि दोष पुढं आहे असं ठरलं, तर तुम्ही घरी काय करू शकता? डोक्यातला पॉइंट पुसा, तो आत दबलाय का बघा. तिथंही सर्किटभोवती टोपीसारखी रिंग असेल तर पिळा. उजेडाचा गोळा सरकला असेल तर काचेकडची रिंग सैल झालीय, ती हातानं घट्ट करा पण पकडीनं नको, रिफ्लेक्टर धातूचा असतो आणि जास्त दाबला तर एलईडीच्या सोल्डरला टेकून शॉर्ट होतो, मग चालू होती ती पण बंद. आणखी एक खूण, फुल्लवर लावली की उजेड निळसर होतो, मिनिटाभरात मंद होतो आणि डोकं मात्र गार, याचा अर्थ एलईडीची पाटी अंगापासनं सुटलीय आणि उष्णता बाहेर जात नाही. अशी वापरत राहिलात तर एलईडी खरंच जळेल.

इथं थांबायचं. डोक्यावर बहुतेक कंपन्या आट्याला डिंक लावतात, ते उघडायला गरम करून शिकंजात धरावं लागतं. त्यात काच फुटते, वायर तुटते. बॅटरी वॉरंटीत असेल तर दुकानदाराकडं द्या आणि तुम्ही उघडायचा प्रयत्न केला असेल तर तसं खरं सांगा. वॉरंटी नसेल तर मोबाईल किंवा एलईडी रिपेअरवाला, ज्याच्याकडं हॉट एअर, म्हणजे गरम हवेनं सोल्डर वितळवायचं मशिन, आहे तो.

आता चार्जिंगचा लिथियम सेल, यात माझं ऐका आणि प्रयोग करू नका. खड्डा पडलाय, वरचं प्लॅस्टिक फाटलंय, फुगलाय, गोडसर केमिकलचा वास येतोय, वापर नसताना गरम लागतोय, किंवा मीटरवर २.५ व्होल्टच्या खाली आहे, यातलं एक जरी असलं तरी तो सेल संपला. चार्ज करायचा नाही, "एकदा बघू" नाही. वर मी शून्य दाखवणाऱ्या सेलला चार्जर लावा म्हटलं ते फक्त संरक्षणवाल्या आणि बाहेरून धडधाकट सेलसाठी, चार्जरनं उचललाच नाही तर तो पण बाद. आत चेपलेले पापुद्रे एकमेकाला टेकले की आग लागायला वेळ लागत नाही आणि रात्री उशाशी चार्जिंगला लावायची आपल्याकडं सवय आहे. असा सेल नळीत अडकला असेल तर ठोकायचा नाही, ढकलायचा नाही, अख्खी बॅटरी मातीच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, गाडीत तो दाबला जातो आणि तिथली माणसं जवळ असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुने सेल परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, विकणाऱ्या दुकानात विचारा. भरपूर धूर किंवा सिसकारा सुरू झाला तर विझवायच्या नादाला लागू नका, माणसं बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

दुरुस्ती झाली की परत खिशात टाकायच्या आधी एवढं करा. फुल्लवर लावून तळहातावर दहा वेळा आपटा, आधी डोकं मग शेपूट, एकदाही लुकलुकली नाही पाहिजे. मग सेल काढून, टोपी घट्ट लावून, बादलीत अर्धा तास बुडवा आणि आत ओल आली का बघा. आणि बॅटरीला दोरी लावा, साधी नायलॉनची, मनगटात अडकेल एवढी. आप्पांच्या बॅटरीला मी गेल्या पावसाळ्यात लावली, त्यानंतर ती माझ्याकडं आलेली नाही.